जुन्या यॉटची कील सैल झाली आहे: नट आवळू की बोट उचलू?

सोलंटकर

नमस्कार मंडळी. इथे शिडाच्या बोटी बाळगणारे किती जण आहेत माहीत नाही, पण मर्चंट नेव्हीतले, कोकणातले आणि बाहेरदेशी बोटी चालवणारे बरेच जण वाचत असतात, म्हणून हा धागा काढतोय.

मी आणि माझ्या एका मित्राने भागीदारीत १९८४ साली बांधलेली ३१ फुटी फायबरग्लासची यॉट घेतली आहे. ती इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या एका नदीत मूरिंगवर (पाण्यातच बांधून ठेवायच्या जागी) असते. तळाला ओतीव लोखंडाची फिन कील (बोटीखाली टांगलेलं, तिला तोलून धरणारं वजनदार पातं) आहे, वजन दीड टन. बोटीचं एकूण वजन सव्वाचार टनांच्या आसपास. कील आठ स्टडनी (आट्या पाडलेल्या जाड सळ्यांनी) धरलेली आहे, पोर्टला (डावीकडे) चार आणि स्टारबोर्डला (उजवीकडे) चार. स्टड खाली लोखंडात आट्यांनी बसवलेले आणि वर बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या भागात) नट.

गेल्या महिन्यात नीडल्सच्या (वाइट बेटाच्या टोकाच्या खडकांच्या) बाहेर वाऱ्याविरुद्ध जाताना दर टॅकला (वाऱ्यासमोरून बाजू बदलताना) खालून 'टक्' असा आवाज यायला लागला. चार्ट टेबलाशी बसलं की तो कानापेक्षा तळपायाला जास्त कळतो. बिल्जमध्ये पाणी साचतंय, ते खारट आहे. पुढच्या दोन नटांभोवती तपकिरी ओघळ आलेत. आधीच्या मालकाच्या काळात बोट एकदा खडकावर आदळली होती असं कागदपत्रांत आहे. दुरुस्तीची नोंद मात्र एकाच ओळीची, "कीलचा सांधा पुन्हा भरला" एवढीच.

यार्डवाल्याचं म्हणणं असं की नट आवळा, वरून सीलंट भरा, हंगाम निघून जाईल. मित्रालाही ते पटलंय, कारण पुढच्या महिन्यात फ्रान्सला, शेरबूर्गला जायचं ठरलंय. नीडल्सपासून साधारण ६० सागरी मैल, सगळं उघड्या खाडीतून. माझं मन घेत नाही. तुम्ही काय केलं असतंत?

निवृत्त चीफ

तुझं मन घेत नाही ते बरोबर आहे. नटला पाना लावू नकोस, निदान इतक्यात तरी नाही.

नट सैल का झाला हे आधी कळलं पाहिजे. आट्या सुटून नट आपोआप फिरणं हे कीलच्या बाबतीत क्वचित घडतं. बहुतेक वेळा नट जागच्या जागी असतो आणि त्याच्या खालचं काहीतरी गेलेलं असतं. एक तर स्टड सांध्याच्या जागी गंजून बारीक झालेला असतो आणि ताणला जातो. नाहीतर वॉशरखालचं फायबर चेंबतं आणि वॉशर खाली रुततो. पहिल्या प्रकारात आवळलंस तर आधीच बारीक झालेल्या स्टडवर तू स्वतः जादा ताण घातलास. दुसऱ्यात आवळलंस तर वॉशर आणखी रुतेल. नट घट्ट लागल्याचं समाधान मिळेल आणि थोड्या दिवसांनी परत तेच.

आता पाण्याचं. खारट पाणी म्हणजे कीलचंच, असं धरून चालू नकोस. शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथल्या बुचातून), इंजिनाच्या कूलिंगच्या होजमधून, टॉयलेटच्या सीकॉकपासून (तळातल्या झडपेपासून), कुठूनही येऊ शकतं. बिल्ज पूर्ण कोरडं कर, फडक्याने पुसून घे आणि प्रत्येक नटभोवती टाल्कम पावडरचा जाडसर थर दे. मग बोट मूरिंगवरच असताना रात्रभर सोड. जिथून पाणी येतं तिथे पावडरमध्ये ओला माग दिसतो. दुसऱ्या दिवशी हलक्या वाऱ्यात, बंदराच्या आतच, बोट कलती करून परत बघ. उभ्या बोटीत कोरडा असलेला नट कलत्या बोटीत ओला झाला, तर सांधा उघडतोय हे नक्की.

ओघळांचंही बघ. कधी स्टड ठीक असतो आणि खालची माइल्ड स्टीलची वॉशर-प्लेटच गंजत असते. नट, वॉशर आणि प्लेट यांतला गंज नेमका कुठून निघतोय ते टॉर्च लावून नीट बघ.

शेरबूर्ग या वर्षी विसर.

अ‍ॅनापोलिसकरीण

काकांना +१. माझी बोट अमेरिकेत चेसापीक उपसागरात असते, १९८७ ची, शिशाची कील. इकडे सांध्याच्या पुढच्या टोकाला पडणाऱ्या भेगेला सगळे 'कॅटलिना स्माइल' म्हणतात, कारण जुन्या कॅटलिना ३० बोटींत ती फार दिसायची. त्या बोटींच्या तळात, कील जिथे टेकते तिथे आत प्लायवूड घातलेलं होतं. पाणी आत गेलं की ते कुजायचं.

पण प्रत्येक भेग म्हणजे सैल कील नव्हे. लोखंड, शिसं आणि फायबर तापमानाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, शिवाय सांध्यावरची लांबी-पुट्टी कडक असते. त्यामुळे केसाएवढी भेग दर वसंतात कित्येक बोटींना दिसते. खरी परीक्षा ट्रॅव्हल-हॉइस्टच्या (बोट उचलणाऱ्या चाकांच्या क्रेनच्या) पट्ट्यांत बोट लटकत असताना होते. तेव्हा कीलचं सगळं वजन सांध्यावर खाली ओढत असतं. बोट लटकतेय तोवर सांध्याला डोळा लाव. मग ती लाकडी ठोकळ्यांवर टेकवायला सांग आणि परत बघ. लटकताना उघडणारी आणि टेकवल्यावर मिटणारी भेग रंगाची नसते.

आणखी एक. लटकत्या बोटीच्या कीलचं खालचं टोक धरून एका माणसाने आडवं ढकलायचं, दुसऱ्याने सांध्यावर हाताचं बोट ठेवायचं. बोट आणि कील मिळून झुलली तर ठीक. कील आधी हलली आणि बोट मागून, तर बोलणंच संपलं.

नवखा वाचक

धागा आवडीने वाचतोय. अडाणी प्रश्न असेल, पण कील मुळात बोल्टने जोडतातच का? बोटीच्या अंगाचाच भाग का करत नाहीत?

अ‍ॅनापोलिसकरीण

अडाणी अजिबात नाही. तसंही करतात. फायबरचं पोकळ अंग थेट कीलच्या आकारात उतरवतात आणि आत शिसं किंवा लोखंड भरून वरून बंद करतात. तिथे बोल्टची भानगड नाही. पण खडकाला लागून बाहेरचं फायबर फुटलं तर पाणी आत शिरतं, आणि आत लोखंड असेल तर ते गंजून फुगतं. शिवाय पातळ, खोल आणि वेगवान कील तशी करणं अवघड. म्हणून बहुतेक क्रूझर-रेसर बोटींना बोल्टचीच कील असते.

पुणे कॉम्पोझिट

मी फायबर आणि कार्बनच्या क्षेत्रात काम करतो, बोटींचा छंद म्हणून अभ्यास आहे. सगळे बोल्टबद्दल बोलतायत, म्हणून थोडं गणित मांडतो.

बोट पूर्ण आडवी झाली, डोलकाठी पाण्याला टेकली, असं धरा. दीड टनांच्या कीलचा गुरुत्वमध्य सांध्यापासून ७० सेमी खाली आहे असं मानू. म्हणजे सांध्यावर १५०० × ०.७ = १०५० किलो-मीटरचा बाक. तो एका बाजूचे चार स्टड ओढून धरतात आणि दुसऱ्या बाजूची कड टेकते. मधलं अंतर २० सेमी धरलं तर चारांवर मिळून सव्वापाच टन, एकावर साधारण १३०० किलो. साध्या माइल्ड स्टीलचा २४ मिमीचा स्टड कायमचा ताणला जायला आठ टनांहून जास्त लागतात. म्हणजे नवीन असताना सहापट वाव आहे.

आता खडक. सव्वाचार टनांची बोट ६ नॉटने, म्हणजे सेकंदाला ३.१ मीटरने, जाऊन ३० सेमीत थांबली. कीलच्या टोकावर सरासरी जवळजवळ सात टनांचा धक्का बसतो. टोक सांध्यापासून १.३ मीटर खाली असेल तर नऊ टन-मीटरचा बाक, आडवं पडण्याच्या आठ-नऊ पट. कील पुढून थांबते, बोट पुढे जाऊ बघते, म्हणून कीलची मागची कड वर तळात घुसायला बघते आणि पुढची कड खाली उघडते. कीलची लांबी दीड-पावणेदोन मीटर असेल तर मागच्या टोकाशी तळावर पाच-सहा टन वरच्या दिशेने. ते सगळं काही मिलिमीटर फायबरवर आणि त्यावर चिकटवलेल्या आडव्या फ्लोअरवर.

म्हणून माझा भर नटांवर नाही. सोलंटकर, बिल्जमध्ये कीलच्या मागच्या टोकाजवळचे फ्लोअर बघा. फ्लोअर म्हणजे तळावर आडव्या बसवलेल्या त्या चौकोनी फासळ्या. त्यांच्या बुडाशी, जिथे त्या तळाला चिकटतात, तिथे पांढुरकी रेघ दिसते का? नखाने किंवा पातळ पट्टीने त्या कडेखाली शिरता येतं का? प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. चिकटलेल्या जागी टणक, सणसणीत आवाज येतो. सुटलेल्या जागी बद्द येतो. हा फरक न शिकलेल्या कानालाही कळतो.

मांडवा मूरिंग

मुंबईहून. आमच्याकडे पावसाळ्याआधी बोटी बाहेर काढाव्याच लागतात, त्यामुळे दरवर्षी तळ बघायला मिळतो. हा पावसाळ्याचा एक फायदाच म्हणायचा. तरी भरती-ओहोटीचा फरक उधाणाला साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, आणि ओहोटीत चुकून गाळात बसलेल्या बोटी काही कमी नाहीत. मऊ गाळ म्हणून कोणी नोंदही करत नाही. बोट प्रत्येक लाटेला उचलली जाऊन परत बसते, तेव्हा सांध्याला तोच मार शेकडो वेळा बसतो.

कळकळीने एक सांगतो. बोट जमिनीवर टेकूंवर उभी असताना हौसेने नट सोडायला घेऊ नका. टेकू बोटीला तोलायला असतात, वजन कीलवर असतं. नट सोडले आणि बोट उचलली तर दीड टनांचं लोखंड एकटं उभं राहतं, त्याला आधी चारी बाजूंनी लोखंडी पाळणा हवा. आणि जुनं सीलंट कील धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. त्या वेळी बोटीखाली कोणी नको.

वाट पाहणारा

एवढं घाबरण्यासारखं आहे का? चाळीस वर्षं टिकलेली बोट आहे. किती बोटींच्या कील खरंच पडतात?

निवृत्त चीफ

फार थोड्यांच्या पडतात. पण पडते तेव्हा वेळ मिळत नाही. दीड टन वजन खालून गेलं की बोट काही क्षणांत उलटी होते, आणि आत असलेला माणूस आतच राहतो.

मे २०१४ मध्ये चीकी रफीकी नावाची ४० फुटी यॉट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत होती. उत्तर अटलांटिकच्या मध्यावर पाणी येतंय असा निरोप आला, मग संपर्क तुटला. उलटलेलं अंग सापडलं तेव्हा कील नव्हती, आणि जीवरक्षक तराफा त्याच्या जागेवर तसाच बांधलेला होता. चौघेही गेले. ब्रिटिश तपास यंत्रणेचा अहवाल २०१५ मध्ये आला. आधी बोट समुद्राच्या तळाला लागल्याचे प्रसंग आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी कील आणि आतला सांगाडा यांची जोडणी कमकुवत झाली असावी, असा त्याचा रोख होता. चिकटवलेला सांगाडा तळापासून सुटायला लागला तरी नुसत्या डोळ्यांना ते ओळखणं कठीण असतं, हेही त्यात आहे. तो अहवाल सोलंटकरने आणि त्याच्या मित्राने दोघांनी बसून वाचावा.

१९८५ च्या फास्टनेट शर्यतीत ड्रम या मोठ्या यॉटची कील फाल्मथच्या बाहेर तुटली. ती किनाऱ्याजवळ होती, मदत लगेच आली, सगळे वाचले. दोन्हींत नशिबाचा भाग फक्त किनारा किती जवळ आहे एवढाच होता.

पुणे कॉम्पोझिट

चीकी रफीकीनंतर वर्ल्ड सेलिंगच्या (शिडाच्या बोटींच्या जागतिक संघटनेच्या) ऑफशोअर नियमांतही फरक पडला. लांब पल्ल्याच्या शर्यतींना उतरणाऱ्या बोटींना २४ महिन्यांच्या आत कीलची तपासणी झाल्याचा पुरावा लागतो, आणि बोट तळाला लागली असेल तर त्यानंतरची तपासणी लागते. शर्यत न खेळणाऱ्याने तोच नियम स्वतःला लावून घ्यावा.

उरणचा नाखवा

आमच्या घरात मचवे बांधले गेले, म्हणून दोन शब्द. लाकडी होडीचा पठाण (तळातला कण्यासारखा जाड वासा) वेगळा, त्याच्यावर सगळी होडी उभी असते, तो खाली टांगलेला नसतो. तिथे दुखणं असतं पठाण आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांच्या सांध्याचं. होडी कामाला लागून जुनी झाली की तो सांधा आधी बोलतो.

सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची सुहेली आपल्या मुंबईत, कुलाब्याला सागवानात बांधलेली. १९६८-६९ मध्ये ती एकट्या माणसाने न थांबता जगाला वळसा घालून आली, ३१२ दिवसांत. त्या सफरीच्या सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये बोटीत पाणी येऊ लागलं. ते पठाणालगतच्या सांध्यातूनच. दोन्ही बाजूंना लांबलचक फट. हा गडी पाण्यात उतरला आणि श्वास रोखून बुड्या मारत काम केलं. नुसतं कापूस ठोकून टिकेना, म्हणून कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर लावलं, तांब्याच्या चुकांनी ती पट्टी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्ये एक शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. ती पट्टी टिकली.

हे सांगायचं कारण असं की त्याने आधी पाण्यात जाऊन फट डोळ्यांनी बघितली, मग हात घातला. वरून पंप मारत राहिला असता तर कळलंच नसतं.

मांडवा मूरिंग

नाखवा, सुंदर प्रतिसाद. सुहेलीवर वेगळा धागा काढा.

सोलंटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेली पावडर लावली. मूरिंगवर रात्रभर पुढचे दोन्ही नट ओले, बाकी कोरडे. बंदरातच बोट कलती केली तर मागच्या जोडीतला स्टारबोर्डचा नटही ओला झाला. ग्लँड आणि सीकॉक कोरडे निघाले. मित्राने तो अहवाल वाचला आणि स्वतःहून यार्डला फोन करून हॉइस्टची वेळ घेतली. शेरबूर्ग रद्द.

बोट पट्ट्यांत लटकली तेव्हा पुढच्या टोकाला सांधा उघडला, त्यात स्टीलची पट्टी ४ मिमीपर्यंत सहज गेली. ठोकळ्यांवर टेकवल्यावर पट्टी जाईना. मागच्या टोकाशी मात्र वेगळंच दिसलं. तिथे सांधा बंद होता, पण त्याच्या वर तळाच्या रंगाखाली बोटभर लांबीच्या तीन भेगा कोयरीसारख्या वळलेल्या. अँटिफाउलिंग (तळाचा शेवाळरोधक रंग) खरवडल्यावर त्या जेलकोटच्या (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराच्या) खालपर्यंत गेलेल्या निघाल्या. आत मागचे दोन फ्लोअर ठोकून पाहिले, त्यातल्या शेवटच्याचा अर्धा भाग बद्द वाजतो. त्याच्या कडेखाली माझ्या मोजपट्टीचं टोक गेलं.

सर्व्हेअर आला होता. त्याच्या मते कील उतरवल्याशिवाय पर्याय नाही. स्टडसाठी अल्ट्रासाउंड करू का, असं विचारलं तर म्हणाला की आता उतरवायचीच आहे तर डोळ्यांनीच बघू.

पुणे कॉम्पोझिट

मागच्या टोकाच्या त्या भेगा आणि सुटलेला फ्लोअर, दोन्ही त्या जुन्या खडकाच्याच. पुढचं पाणी हे लक्षण होतं, मूळ दुखणं मागे आहे. फक्त पुढचा सांधा भरून सोडला असता तर मागचा फ्लोअर तसाच सुटत गेला असता.

सोलंटकर

कील उतरली. नट काढल्यावरही ती बोटीला चिकटून होती. यार्डच्या दोघांनी सांध्यात लाकडी पाचरी मारल्या, लांब पात्याच्या करवतीने जुनं सीलंट कापत गेले, आणि दुपारनंतर ती सुटली. लोखंडी पाळण्यात ती उभी राहिली, वर बोट पट्ट्यांत.

स्टड बघून गप्पच झालो. पुढचे दोन स्टड वर बिल्जमध्ये चकचकीत, आट्या स्वच्छ. सांध्याच्या बरोबर पातळीला मात्र २४ मिमीचा स्टड १५ मिमीवर आलेला. चारी बाजूंनी खाल्लेला, पृष्ठभाग खवल्याखवल्यांचा. खाली लोखंडात शिरतो तिथे परत जवळजवळ पूर्ण जाडी. वरून कितीही बघितलं असतं तरी कळलं नसतं. स्टेनलेसचे आहेत. मधले चार बऱ्यापैकी, मागचे दोन मध्यम. सर्व्हेअरने आठही बदलायला सांगितलंय.

आता प्रश्न. नवे स्टड कशाचे घालू?

निवृत्त चीफ

१५ मिमी म्हणजे क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांवर आलं. पुणेकरांच्या हिशेबाने एका वेळच्या भाराला तो अजूनही तगला असता, आणि म्हणूनच तो इतकी वर्षं तगला. पण खवल्यांतून बारीक चिरा सुरू होतात, आणि दर टॅकला भार आळीपाळीने येत-जात असतो. थकव्याने तुटणारा बोल्ट आदल्या दिवशी काही सांगत नाही.

स्टेनलेस असं का होतं ते लिहितो, कारण 'स्टेनलेस गंजत नाही' यावर अजून लोकांचा विश्वास आहे. त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. उघड्या हवेत तो मिळतो, वाहत्या पाण्यातही मिळतो. सांध्याच्या फटीत अडकलेल्या खाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन संपून जातो, थर तुटतो आणि तिथेच खड्डे पडायला लागतात.

माझं मत विचारशील तर गॅल्व्हनाइज्ड स्टील. ओतीव लोखंडाशी त्याचं जमतं, आणि गंजला की फुगतो, ओघळतो, आपल्याला सांगतो. ठरावीक वर्षांनी एक काढून बघायचा.

अ‍ॅनापोलिसकरीण

काका, इथे मी असहमत. जस्ताचा थर आट्या बसवतानाच खरवडला जातो, आणि त्याखालचं साधं स्टील त्याच फटीत स्टेनलेसपेक्षा लवकर जातं. सांधा कोरडा ठेवणं हेच खरं काम आहे. तो कोरडा असेल तर ३१६ स्टेनलेसही तीस वर्षं जातं. पैसे असतील तर ड्युप्लेक्स २२०५ (स्टेनलेसचाच एक प्रकार) घ्या, ते फटीतल्या गंजापुढे ३१६ पेक्षा बरंच जास्त टिकतं. ब्राँझ मात्र लोखंडी कीलला कधीच नको, लोखंड खाऊन टाकेल. ब्राँझ आमच्यासारख्या शिशाच्या कीलला.

निवृत्त चीफ

ड्युप्लेक्सला माझी हरकत नाही. जुन्या बोटीला ते लावणारे कमी, म्हणून लिहिलं नाही. बाकी माझं मत तेच आहे. सांधा कायम कोरडा राहील यावर विसंबून मी बोट पाण्यात सोडणार नाही.

जुने स्टड काढताना घाई करू नका. गॅसने भोवतालचं लोखंड तापवून, दोन नट एकमेकांवर कुलूप करून, मागेपुढे हलवत काढायचे. तुटला तर छिद्र पाडून मोठ्या आट्या पाडता येतात, किंवा शेजारी नवी जागा. ओतीव लोखंडात आट्यांची खोली स्टडच्या व्यासाच्या निदान दीडपट तरी हवी.

पुणे कॉम्पोझिट

फायबरच्या कामाबद्दल. सुटलेला फ्लोअर नुसता गोंद टोचून चिकटवू देऊ नका. तो कापून काढा, खालचा तळ स्वच्छ ग्राइंड करा, भेगांच्या जागी आतून-बाहेरून उतार द्या. उताराचं प्रमाण जाडीच्या बारापट, म्हणजे ६ मिमी खोल गेलात तर ७२ मिमी लांब. मग इपॉक्सीत बायअ‍ॅक्सियल कापडाचे थर. फ्लोअरच्या आतला फोम फक्त आकार द्यायला असतो, ताकद वरच्या थरांची आणि तळावर पसरलेल्या पंखांची. पंख रुंद ठेवा आणि प्रत्येक थर आधीच्याहून थोडा पुढे न्या, म्हणजे सगळ्यांची कड एकाच रेषेत येत नाही.

तिकडे थंडी सुरू होतेय. बहुतेक इपॉक्सी १० अंशांखाली नीट पिकत नाहीत, चिकट राहतात. ताडपत्रीचा तंबू, आत हीटर, आणि फक्त हवा गरम करून भागत नाही, तळाचं फायबर स्वतः गरम झालं पाहिजे. त्याला थर्मामीटर लावा. या एका गोष्टीवर यार्डशी वाद घालावा लागला तरी घाला.

नवखा वाचक

आणि नट शेवटी किती आवळायचे?

अ‍ॅनापोलिसकरीण

आकडा बांधणाऱ्याच्या पुस्तकातून किंवा सर्व्हेअरकडून, इथून घेऊ नका. तो धातूवर, आट्यांवर आणि आट्यांना वंगण लावलंय की नाही यावर ठरतो. कोरड्या आट्यांचा आकडा वंगण लावलेल्या आट्यांना वापरला तर स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

क्रम महत्त्वाचा. लोखंड ब्लास्ट केलं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, उद्यावर टाकायचं नाही. सांध्यावर आणि प्रत्येक स्टडभोवती भरपूर सीलंट, बोट खाली आणून कीलवर बसवायची, नट नुसते हातापुरते, सीलंट चारी बाजूंनी बाहेर येईपर्यंत. मग ते पिकू द्यायचं. पूर्ण आवळणं त्यानंतर, बोटीचं वजन कीलवर असताना, मधून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. ओलं असतानाच करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर पडतं आणि सांध्यात काही उरतच नाही.

सोलंटकर

स्टड ड्युप्लेक्सचे सांगितले. मित्र आणि मी दोघांनी दोन्ही बाजू वाचून ठरवलं. काकांची एक सूचनाही घेतली, दर काही वर्षांनी पुढचा एक स्टड काढून बघायचा, आणि ते बोटीच्या वहीत आत्ताच लिहून ठेवलंय, म्हणजे पुढच्या मालकालाही कळेल. वॉशरऐवजी १० मिमीच्या रुंद प्लेट, समोरासमोरच्या दोन नटांना मिळून एक. फ्लोअरचं काम तंबूत चालू आहे. तळाला चिकटवलेला थर्मामीटर आज सकाळी १८ अंश दाखवत होता.

विमा कंपनीने सर्व्हेअरचा अहवाल आणि दुरुस्तीचे फोटो दोन्ही मागितलेत, तेही पाठवले. खर्च बोटीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाईल. आम्हाला ती विकायची नाही, चालवायची आहे, त्यामुळे हा खर्च आम्ही आनंदाने करतोय.

मांडवा मूरिंग

सोलंटकर, फार उपयोगी धागा झाला. आमच्या क्लबात दोन जुन्या कीलबोटी आहेत, कोणी कधी कील उतरवलेली नाही. उतरवायची क्रेन आणि पाळणा दोन्ही इथे सहज मिळत नाही. चीफ, मुंबईत स्टडचं अल्ट्रासाउंड करून मिळेल का?

निवृत्त चीफ

मिळेल. ड्रायडॉकमध्ये जहाजाच्या पत्र्याची जाडी मोजणारे असतात, त्यांना विचार. पण जाडी मोजायचं साधं यंत्र नको. सरळ शिरणारा प्रोब आणि पडद्यावर प्रतिध्वनी दाखवणारं यंत्र हवं, आणि ते वाचता येणारा माणूस. स्टडचं वरचं टोक काटकोनात सपाट घासून द्यायचं, नाहीतर काही दिसत नाही. आट्यांचा थोडा गोंगाट येतो, तो धरून चालायचं. तळाच्या टोकाचा प्रतिध्वनी जिथे यायला हवा तिथे आला तर बरं. त्याच्या आधीच सांध्याच्या खोलीवर ठळक प्रतिध्वनी आला, तर तो स्टड काढून बघावाच लागेल. कील शिशाची आणि बोल्ट आत वाकवलेले असतील तर वाकणापर्यंतच दिसेल.

दोन्ही बोटींच्या कील लोखंडाच्या की शिशाच्या, ते आधी कळव. आणि पावसाळ्यासाठी बाहेर काढाल त्या दिवशी क्रेनला लटकत असताना सांध्याचे फोटो काढा, ते इथे टाक.

मांडवा मूरिंग

एक लोखंडाची, एक शिशाची. फोटो मे अखेरीस टाकतो.